अठ्ठ्याऐंशी ते ब्याण्णव

खाट नंबर चौदा. दाऊद परकार, वय सदुसष्ट.
माझगावच्या बेकरीत चाळीस वर्षं लाकडाच्या भट्टीपुढे.
एक्स-रेत फुप्फुसं लांबलेली, काळी,
हवा भरून कुणी विसरून गेलेल्या पिशव्यांसारखी.

खाटेमागच्या भिंतीवर मी पट्टी चिकटवली होती :
ऑक्सिजन दोन लिटर. वाढवू नये.
खाली एक रेघ. रेघेखाली अजून एक.

पण रात्री एक वाजता
बाप उशीला टेकून, तोंड उघडं टाकून हवा ओढत असताना
मुलाला दोन रेघांचं काय?
समोर नळ आहे, माणूस तहानलेला आहे
आणि रुमाव सिस्टर म्हणते, एवढाच सोडायचा.
इम्तियाजने चावी फिरवली. सहा.

मी औषधांची ट्रॉली घेऊन आले
तर ओठांवर बोट ठेवून म्हणाला,
"आत्ता कुठे झोपले अब्बा."
खरंच. गालांवर लाली. बोटावरचा आकडा नव्व्याण्णव,
त्या रात्री अख्ख्या वॉर्डातला सगळ्यात देखणा आकडा.

मला ती झोप आवडली नाही.
श्वास मोजले, पूर्ण मिनिटभर : नऊ.
खांदा हलवला. "चाचा, हात पुढे करा, गाडी थांबवतात तसे."
पंजे वर आले आणि मनगटातून गळाले,
पुन्हा वर, पुन्हा गळाले,
बिजागरी सैल झालेल्या झडपेसारखे.

चावी मागे घेतली, बेताबेताने. उशी उंच केली.
डॉक्टर तांडेलांनी धमनीतून रक्त काढलं, लालभडक,
बघून कोण म्हणेल यात काही बिघडलंय.
प्रणोती, आमची शिकाऊ, कुणाच्या तरी डब्याच्या झाकणात
बर्फ घालून सिरिंज घेऊन लॅबकडे पळाली.
मी मनगट दाबून बसले. पाच मिनिटं.
अख्ख्या पाळीत एवढाच वेळ कुणाचा हात धरता येतो,
तोही रक्त येऊ नये म्हणून.

पीएच सात पॉइंट एकवीस.
कार्बन डायऑक्साइड चौऱ्याऐंशी.
प्रणोती म्हणाली, "सिस्टर, सात पॉइंट चारच्या जागी
सात पॉइंट दोन. एवढ्याशानं?"
रक्ताला अंगणच तेवढं असतं, बाई.

मग मास्क, पट्ट्या, मशीनचा तो फुस्स-फुस्स,
आणि मास्क ओढून काढणारे त्यांचे हात
दर थोड्या वेळाने माझ्या हातात.
"मशीन ढकलेल तेव्हा घ्या. भांडू नका त्याच्याशी."

इम्तियाज दाराशी उभा. चेहरा वाचवेना.
त्याला सांगितलं : यांच्या शरीराला
कमी हवेवर भाता चालवायची सवय झालीय,
एकदम भरपूर दिली की भाता सुस्तावतो.
(आम्हाला असंच शिकवलं होतं.
आता म्हणतात, कारणं आणखीही आहेत.
त्या वेळी त्याला एवढंच पुरलं.)
त्याने माझं पेन मागून घेतलं
आणि तळहातावर लिहिलं : ८८ ते ९२.

पहाटे मास्क थोडा वेळ काढला, तोंड ओलं करायला.
चाचा म्हणाले, "काय झालं होतं?"
म्हटलं, आत वायू साठला, रक्त आंबलं.
"कुठला वायू?"
पावाला फुगवतो ना, तोच.

ते हसले, हसण्याचा खोकला झाला,
मी पाठीवर हात ठेवून थांबले.
मग एकेका शब्दाला श्वास घेत म्हणाले,
"खमीर जास्त झालं की पीठ लई सुंदर दिसतं, सिस्टर.
गोल. गुबगुबीत.
नवा पोरगा खूश होतो.
बोट लावलं की बसतं."

साडेसातला पाळी बदलली. मी वहीत लिहिलं :
चौदा नंबर. सात पॉइंट एकतीस, सुधारतंय.
नाकावर मास्कचा वळ, पट्टी लावली.
ओठांचा चंबू करून श्वास सोडायला सांगितलं, लगेच जमलं,
निखाऱ्यावर आयुष्यभर तेच केलंय म्हणाले.
ऑक्सिजन दोन लिटर. नातेवाइकाला समजावलं आहे.
चहात बुडवून ब्रून मागतात.
अजून दिलेला नाही.