प्रश्न असल्यास विचारा

सभागृह क्रमांक तीन. ग्दान्स्क. फेब्रुवारी.
श्रोते अकरा, त्यातले चार आम्हीच,
म्हणजे टाळ्यांची निदान सोय होती.

बोगुमिल लिफ्टच्या कार्डांवर बोलतोय.
तीन वर्षं घातली त्यानं यात, आणि एक लग्न.
पडद्यावर आकड्यांची रांग सरकते;
एक आकडा उलटा केला की
कुठलाही मजला तुमचा.
याग्ना माझ्या कानाशी, "शर्टही उलटाच घातलाय."
लूदका हसू खोकल्यात लपवते.
घाबरला की तो पाण्याची बाटली उघडतो,
पीत नाही,
बंद करतो.

"प्रश्न?"
शेवटच्या रांगेत एक हात.
निळा डगला, कमरेला किल्ल्यांचा जुडगा,
या इमारतीचा रखवालदार आल्फोन्स.
"म्हणजे माझी लिफ्ट... तीसुद्धा?"
"तीच," बोगुमिल चाचरला.
"काल रात्री तिच्यावरच करून पाहिलं."

म्हातारा बराच वेळ गप्प.
मग म्हणाला, "चला."

जिन्यानं नेलं आम्हाला. सहा मजले,
कठडा धरत, धापा टाकत,
आणि गच्चीच्या दाराला लावली
वीतभर लांब, गंजकी किल्ली.
दोनदा अडली.
तिसऱ्यांदा त्यानं खांद्यानं
दार किंचित वर उचललं,
झोपलेल्याची कूस बदलावी तसं.

"हे," तो म्हणाला, "हे करून दाखव."

खाली गोदीच्या क्रेन बर्फात उभ्या.
बोगुमिल कुलपापाशी उकिडवा बसलेला,
मोबाईलचा उजेड दातांत धरून,
पाठीवर शिवण स्पष्ट दिसत होती.
अजून कुणीच सांगितलं नव्हतं त्याला.