गंगावेशीत, रात्री साडेनऊ

नेमगोंडा म्हणतो, सरकारनं हात सैल सोडावा.
रस्ता झाला की खडीवाला जेवतो,
खडीवाला जेवला की वाणी.
आकारामला पटत नाही.
फौंड्रीच्या कर्जाचं व्याज चढलंय दोन टक्क्यांनी.
"सगळी उसनवारी सरकारच उचलतंय भावा,
आमच्या वाट्याला बँकेतला चहा."

मधे म्हैस, रवंथ करत.
हिंदुराव धार काढतोय थेट पेल्यात,
काठोकाठ.

नेमगोंडा पेला उंचावतो : बघ, वाढतंय का नाही?
आकाराम फुंकर मारतो.
फेस बसतो, बसतच जातो,
निम्म्यावर येऊन थांबतो.

"एवढं तरी हाय की," नेमगोंडा म्हणतो,
आणि मिशी पुसत,
"लिहून ठेव हिंदुराव,
मार्चपासनं बिल अडकलंय."

हिंदुराव लिहितो,
पेंडवाल्याची वही आठवत.