हिप्परग्याला जाताना

रात्री दहाला सत्तम्मा आत्यानं
मोराची जुनी चादर जमिनीवर टाकली,
कडेचं सूत सुटलेली,
आणि तिच्यावर उद्याचा दिवस मांडायला बसली.

कडक भाकरी, वीस.
"सहा जणांना वीस?"
"पाण्यावर भूक लागते," ती म्हणाली,
जी साठ वर्षांत पाण्यावर गेली नव्हती.

शेंगाची चटणी. डब्याला रबर,
रबरावर फडकं, फडक्याला गाठ.
दही वेगळं. कांदे अख्खे,
फोडायचे तिथंच, बुक्कीनं.
मिठाची पुडी.
मग मिठाची दुसरी पुडी, पहिली हरवली तर.
लिंबं, मळमळीसाठी. बाम. सुई-दोरा.
("नाव फाटली तर शिवणार का गं?"
तिनं मला बघूनसुद्धा न बघितल्यासारखं केलं.)
आणि श्रीहरीच्या टेम्पोची जुनी ट्यूब,
फुगवून कानाशी धरून बसली किती वेळ,
आतली हवा काय बोलते ते ऐकत.

सूप तेवढं कोपऱ्यात राहिलं,
पानं, तंबाखू, कात्री, पत्र्याचा साचा घेऊन.
"उद्या नाही," ती म्हणाली,
आम्हाला नाही, सुपाला.

फाल्गुन असा असतो आमच्याकडे:
सहाला स्वेटर, अकराला छत्री.
तिनं दोन्ही घेतलं.
गल्लीतल्या लिंबाखाली पिवळ्या पानांचा सडा,
आणि वर, अजून कोणाला न सांगितलेली,
तांबूस पालवी.
"पदा, पदा," भूमय्या काका टेम्पोतून ओरडले,
मागाच्या खडखडाटात चाळीस वर्षं काढलेला माणूस,
हळू बोलणं त्यांना जमत नाही.
तुळजापूर रस्त्याला ज्वारी काढून झालेली,
कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून ठेवलेल्या,
एकमेकींना टेकून.

तलाव मागं सरकला होता.
पाणी जिथं जिथं थांबून गेलं
तिथं चिखलात एकेक रेघ,
भिंतीवर पोराची उंची मोजल्यासारखी,
फक्त उलटी.

दस्तगीरनं गाठोडं एका हातानं उचललं,
ठेवलं.
"न्यायचं काय? माणसं का सामान?"
"माणसं."
"मग हे उतरवा. वर एक माणूसबी उतरवा."

छत्री गेली. स्वेटर गेले. दही गेलं,
आत्या दह्यासाठी भांडली, हरली.
सुई-दोऱ्याचं वजन किती, विचारून बघितलं.
ट्यूब राहिली. भाकरी राहिल्या सहा, मग पाच,
कारण कोणी न सांगता काका बाभळीखाली जाऊन बसले,
"मला पोहता येतंय. मी कशाला पाणी बघू?"
अख्ख्या तलावाला ऐकू गेलं.

नाव हलली.
आत्याच्या मांडीवर आता काहीच नव्हतं.
हात रिकामे झाले की तिची बोटं चालू लागतात,
घरात आम्हाला त्याचं काही वाटत नाही:
पान, चिमूट, वळण, दुमड.
पण तिथं, चहूबाजूंनी पाणी,
कुठल्याशा बदकांची रांग उडून गेली तरी
ती वळत होती
कशाच्याच नसलेल्या विड्या.
मी मोजल्या नाहीत.

मग नाव एका अंगाला कलली.
तिनं कड धरायला हात टाकला, तो पाण्यात गेला
आणि तिथंच राहिला.
"वर कोमट आहे गं," ती म्हणाली.
मनगटापर्यंत बुडवला. "खाली गार."
दस्तगीरनं वल्हं मारायचं थांबवलं,
का ते त्यानं सांगितलं नाही.

लांब काठावर काका उभे राहिले,
चादर दोन्ही हातांनी झटकली,
मोर एकदा उघडला, मिटला.
भाकऱ्यांचे तुकडे उडाले असणार.
आत्यानं ओला हात वर केला, हलवला,
आणि परत पाण्यात ठेवला.

रात्री गाठोडं सोडलं तेव्हा
नऊ भाकऱ्या उरल्या होत्या. दही नव्हतं.
मिठाची दुसरी पुडी हरवली होती.
पहिली तशीच, न उघडलेली.