ओळ सात

पुंता आरेनासमध्ये वारा फार झाला
की चौकात खांबाखांबांना दोर बांधतात,
चालणाऱ्यांनी धरायला.
रोसाल्बा बार्रीआ तो दोर धरत धरत आली,
खेकड्यांच्या कारखान्यातली पाळी संपवून.
पिशवीत वही, वहीत पेट्यांचा हिशेब,
बोटांना खाऱ्या पाण्याचा वास.

म्हणाली, सकाळी चालत होतं.
मी कशालाच हात लावला नाही.

सगळे हेच म्हणतात. मीही म्हणायचो
विंको मारुशिचला, तीस वर्षांपूर्वी, याच खोलीत,
ही हवामान खात्याची कचेरी असताना.
तो हात पाठीशी बांधून उभा राहायचा.
कीबोर्ड तुझा, म्हणायचा, मी फक्त वाचतो.
कसला राग यायचा मला त्या हातांचा!

आता मी हात पाठीशी बांधतो.

मेकफाईल अडून बसली आहे ओळ सातवर.
ओळ सात तर बरोबर आहे, ती म्हणते.
दिसायला बरोबरच आहे.
सहाव्या ओळीपुढे जेवढी मोकळी जागा
तेवढीच सातव्यापुढे, पट्टी लावून मोजावी.
कर्सर ने तिथपर्यंत, मी म्हणतो, हळू.
सहावीवर तो एका उडीत पोचतो.
सातवीवर आठ पावलं टाकतो.
ती थांबते. पुन्हा नेते. एक. पुन्हा. आठ.
रिकामं आणि रिकामं यांतही भेद असतो
हे मी सांगणार होतो, एवढ्यात
तिनं आठही स्पेस खोडून
टॅब दाबला.

मग चाळीस ओळींची आरडाओरड.
ती शेवटची वाचू लागते.
वर जा. पहिली वाच.
बाकीच्या एकोणचाळीस तिच्याच लेकी.
बोट बाविसाव्या ओळीकडे, गुन्हा एकविसावीचा:
अर्धविराम गाळून झोपी गेलेली.

मग काहीच नाही.
ना शब्द, ना अंक, नुसता लुकलुकता कर्सर.
बिघडलं? तिनं विचारलं.
नाही. झालं.
जमलं की हे यंत्र गप्प बसतं.
(माझी आईही अशीच होती, पण ते असो.)

तिनं प्रोग्रामचं नाव टाइप केलं.
असं काही सापडत नाही, उत्तर आलं.
आत्ता तर बनवलं! इथंच!
इथंच, म्हणूनच.
ते यादीतल्या वाटा धुंडाळतं, दूरदूरची आवारं,
पायाखाली बघत नाही. काखेत कळसा.
आधी एक टिंब दे, मग तिरकी रेघ. म्हणजे: इथलाच.

कायमचं नाही का सांगता येत?
येतं. प्रोफाइलमध्ये एक ओळ.
विंकोनं मला ती लिहू दिली नव्हती.
परक्या आवारात उभा असशील कधी, म्हणाला होता,
आणि ओळखीच्या नावाचं भलतंच काही
कुणी तिथं ठेवून गेलं असेल.
टिंब रोज दे. कुठं उभा आहेस, रोज सांग.

तिनं टिंब दिलं.

अकराशे चौसष्ट पेट्या.
वहीतून कारखान्याची पावती काढली:
अकराशे दोन.

वरचा बाण. एंटर. अकराशे चौसष्ट.
वहीतली पानं एकेक करून पुन्हा मोजली, ओठांनी.
मग माझ्याकडे पाहिलं. चूक कुठल्या ओळीत आहे?

खिडकीची काच थरथरत होती.
माझे हात पाठीशीच होते,
एकमेकांना घट्ट धरून.
या प्रोग्रामात नाही, मी म्हणालो.

तिनं पावतीची घडी केली, स्कार्फ बांधला,
आणि दोर धरायला बाहेर पडली,
घराच्या नाही, कारखान्याच्या दिशेनं.