कोशिंबाचा करडा

मार्चचा शेवटचा आठवडा, लग्नाच्या ऑर्डरी अजून लांब,
म्हणून स्टुडिओला कुलूप लावून मी शिराळ्याहून निघाले
आणि मणदूरच्या पुढं, चांदोलीच्या हद्दीत,
पास दाखवून, डबा आणि दोन लेन्सा घेऊन
दिवसभर एका कोशिंबाभोवती फिरले.

नवी पालवी. लाल म्हणजे नुसती लाल नाही.
ओल्या विटेची, कापलेल्या बिटाची,
उजेड मागून आला की तान्ह्याच्या कानाच्या पाळीची.
शेजारी जांभूळ, हिरडा, ऐन, आपापल्या हिरव्यात.
एकशे बेचाळीस फोटो काढले.

रात्री जेवणं झाल्यावर संगणकावर
एक बटण दाबलं. रंग गेला.
कोशिंबही गेला.
म्हणजे झाड होतं जागेवर, बुंधा, फांद्या, सगळं,
पण त्याची लाली आणि जांभळाचं हिरवेपण
एकाच करड्यात येऊन बसलं होतं,
एसटीच्या बाकावर दोन अनोळखी माणसं बसतात तसं,
खांद्याला खांदा, नजर आपापल्या बाजूला.

मग पट्ट्या सरकवत बसले.
लाल उजवीकडं ओढली: कोशिंब पांढरा पेटला,
चुन्याची भट्टी.
हिरवी डावीकडं: जांभळाचं काजळ झालं,
ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी वर आली.
मध्यरात्रीपर्यंत मी ऋतू बदलत होते,
दोन बोटांनी, पंखा चालू ठेवून.
फार ओढलं की आभाळात दाणे उमटतात,
पानांना पांढरी किनार सुटते,
थाप मारताना आवाज जरा वर जातो तशी.

वडील म्हणायचे, ब्रोमाइडच्या कागदाला लाल दिसत नाही,
म्हणून तर लाल दिवा लावून त्याच्यासमोर वावरता येतं.
हायपोचा वास त्यांच्या बोटांना जेवतानाही असायचा.
मला तेव्हा त्या कागदाची दया यायची.

पुढच्या खेपेला धुळा गावडेला प्रिंट दाखवले.
धुळा वनखात्यात रोजंदारीवर,
पाणवठे साफ करतो, जाळपट्टे काढतो.
रंगीत फोटो त्यानं पाहिला, परत दिला.
“झाडं हायती.”
“आणि लाल?”
“कुटलं लाल?”
मग हसत सांगितलं, ड्रायव्हरच्या जागेसाठी
सांगलीच्या सिव्हिलात डोळं तपासलं हुतं.
ठिपक्याठिपक्यांचं पुस्तक.
“समद्यांस्नी त्यात आठ दिसला.
मला नुसती जुंधळं सांडल्याली.”
तोरणं पिकली का कच्ची, ते बायको सांगते.
ती नसली की तो बोटानं दाबून बघतो.

पांढऱ्या पेटलेल्या कोशिंबाचा मोठा प्रिंट,
ज्याच्यावर माझी अर्धी रात्र गेली होती,
त्यानं लांब धरला. “ह्येच्यात ऊन लई.”

खाली एक साधा राहिला होता,
पट्ट्यांना हात न लावलेला,
शाई बघायला काढलेला.
तो घेऊन धुळा सावलीत गेला.
बराच वेळ काही बोलला नाही.
मग डाव्या कोपऱ्यात, कारवीच्या मागं, नख ठेवलं.
“हितं भेकर हाय.”

मी वाकले. कारवी होती. सावली होती.
“कान बघा. कानाखाली गळा.
तुमच्याकडंच बघतंय की.”

आणि मग ते होतं.

सात तास मी तिथं होते, त्यातला किती वेळ
ते एक पाय उचलून थांबलं असेल, कोण जाणे.
मी लाल बघत होते.

घरी येऊन रंगीत फोटो उघडला,
तर वाळक्या पानांत ते परत बुडालेलं.
पेटवलेल्यात तर पानांसकट चुन्यात गेलेलं.

साधा प्रिंट आता स्टुडिओच्या काचेत लावलाय,
हळदीतल्या नवऱ्यामुलांच्या आणि पासपोर्टच्या दरांच्या मध्ये.
गिऱ्हाईकं विचारतात, हे कशाचं हो?
झाडं आहेत, मी म्हणते,
आणि त्यांना पुरेसा वेळ देऊन
आत जाऊन कॅमेऱ्याचा पडदा सरळ करते.