दूध आणायला गेलो होतो

बॉनेटवर तळहात ठेवला, तर कोमट.
इंजिन गार ठेव म्हणून फोनवर दोनदा बजावलं होतं.
यूनन म्हणाला, आत्ताच जाऊन आलो जरा,
दूध आणायला.

मी काही बोललो नाही. डोनेगॉलात
माणसाला खोटं पाडण्याआधी हवेबद्दल बोलायची रीत आहे.
वारा होताच. उतारावरच्या मेंढ्या
सगळ्या एकाच बाजूला पाठ करून उभ्या.

सोरखाला ही गाडी हवी म्हणजे हवीच होती.
निळी, सोनेरी चाकांची, जपानहून बोटीनं आलेली,
दाराच्या चौकटीवर कुठल्याशा गॅरेजची चिठ्ठी,
आम्हा तिघांनाही न वाचता येणारी.
लेटरकेनीच्या इस्पितळात रात्रपाळ्या करकरून
तिनं नऊ हजार युरो साठवलेले.
पॅकी, तू नुसतं ऐक, म्हणाली. बाकीचं मी बघते.

चाळीस वर्षं ऐकतोच आहे.
टर्बो म्हणजे तरी काय,
गाडीनं आपल्याच उच्छ्वासानं आपली धाप वाढवायची.
मिनिटाला लाखभर गिरक्या, त्याही तेलाच्या एका पापुद्र्यावर.
तो पापुद्रा कुणी जपला, कुणी नाही,
कागदावर नसतं.
कागद होते की. फाइलभर पावत्या, तारीखवार,
मधली दोन वर्षं सोडून.

तेव्हा भाऊ चालवायचा, यूनन म्हणाला.
आणि भाऊ?
पर्थला.

डिपस्टिक ओढली, चिंधीवर पुसली, पुन्हा बुडवली.
तेल नवंकोरं, मधासारखं.
विकाऊ गाडीतलं नवं तेल मला आवडत नाही.
पाहुणे येणार म्हणून आजाऱ्याला घातलेला
इस्त्रीचा शर्ट असतो तो.

आत या, चहा घ्या.
घेतला. कोरा.
टेबलावर तीन कप, साखर, चमचे,
आणि कुणीच काही मागत नव्हतं.
यूननचे कान हळूहळू लाल झाले.
सोरखा खिडकीबाहेर मेंढ्या मोजत बसली.
मी म्हटलं, थांबतो आम्ही. गार होऊ दे.

चार तास थांबलो.
दुसऱ्या कपाला तो भावाबद्दल बोलला.
बँकेचे हप्ते, चौकात रात्रभर गोल गोल टायर जाळणं,
आईनं एकदा दार न उघडणं.
आता फोन येतो तो एकच विचारायला:
गेली का गाडी?

दिवेलागणीला बॉनेट दगडासारखं गार.
मी स्क्रूड्रायव्हरचं टोक ब्लॉकला टेकवलं
आणि मूठ कानामागच्या हाडाला.
(डावा कान गेल्या हिवाळ्यात गेला.
उजवाही आता बारीक आवाज गाळतो.
कुणाला सांगितलेलं नाही. धंदा आहे.)

चालू कर.

हाडातून खर्ज चढला, भरलेला, गोड.
मी मान डोलवणारच होतो,
तोच सोरखानं दोन बोटं वर केली.
डोळे मिटलेले. वॉर्डात कुणाच्या पाठीला
नळी लावून उभी असावी, तशी.
तिथे, म्हणाली. मागे, डावीकडे.
टक्. टक्. टक्.
गेला आता.

तीन सेकंद. बेअरिंगपर्यंत तेल पोचायला लागतात तेवढी.
यूननला तो ठोका पाठ होता.
त्यानं इंजिन बंद केलं
आणि हातातल्या किल्लीकडे बघत राहिला.

परतताना व्हॅनमध्ये मी तिला सगळं सांगितलं.
इंजिन उतरवावं लागेल. साडेतीन हजार,
माझी मजुरी न धरता.
पुढच्या वर्षी मोडेल, की पुढच्या मंगळवारी,
ग्लेनच्या चढावर, ट्रक समोर असताना,
ते देवालाच विचार.
ती ऐकत होती की हिशेब करत होती, कोण जाणे.

फाट्यावरच्या दुकानाशी म्हणाली, थांबव.
दोन लिटर दूध घेऊन आली,
मांडीवर ठेवलं, पट्टा लावला.

मागे वळव.

मी वळवली. दिवे मेंढ्यांवरून फिरून
पुन्हा रस्त्यावर आले,
तेव्हा तिनं विचारलं, समोर बघतच,
जरा मोठ्यानं:
डावा कान कधीपासून?