अर्थ

ओरेस्टचा पिकअप अठ्ठ्याहत्तरचा.
सस्कॅचवानच्या मिठाने दारं खाल्लेली,
आणि दिवे मिचमिचणारे. खड्ड्यात, वळणावर,
कधी नुसता उभा असतानाही.

उणे सव्वीस. शेडमध्ये
टॉर्च धरायचं काम माझं.
आधी फ्यूज. मग स्विच; तो कोमट लागला,
म्हणून त्याच्यावर दीड तास संशय.
अल्टरनेटरला त्याने युक्रेनियनमधून शिवी हासडली,
मीटर लावला. चौदा व्होल्ट.
शिवी मुकाट परत घेतली.

मग तो एकेक वायर हलवत गेला
आणि मी दिव्यांसमोर उभा राहून
"आता", "नाही", "नाही", "आता!"

रेडिएटरच्या मागे, सांगाड्याला टेकलेली काळी तार,
बोल्ट हिरव्या भुकटीत बुडालेला, बोटाने हलणारा.
इतके दिवस अर्थच लागत नव्हता.
पत्रा लख्ख घासला. आवळला.
बर्फावर दोन पिवळे रस्ते, न हलणारे.

तिसऱ्या दिवशी पलीकडच्या शेतावरची व्हर्ना आली,
बीटच्या लोणच्याची बरणी घेऊन. बसली नाही.
"रागावलास? दोन महिने
माझ्या वळणावर तू दिवे मिचकावतोस,
मी पोर्चमधल्या बल्बची दोनदा उघडझाप करते.
परवापासून नुसताच जातोस."

ओरेस्टने माझ्याकडे पाहिलं नाही.
ती गेल्यावर म्हणाला, टॉर्च धर.
अर्ध्या इंचाचा पाना. पाव आटा सैल...
हात थांबला.

"नको," म्हणाला, आणि पुन्हा आवळला.
"स्विच आहे की."